माहेरचं घर बंद आहे, मास्तर भाड्याने मागतायत, चुलतभाऊ नको म्हणतात

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"नमस्कार ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ४९. माहेर कुडाळ तालुक्यात. आजोबांनी स्वतः कमावून बांधलेलं कौलारू घर, बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, आतल्या मातीच्या. आजोबा १९७१ ला गेले. धाकटी काकी तिथे एकटी राहायची, ती २०१८ ला गेली तेव्हापासून कुलूप. गणपतीला पाच दिवस उघडतो, बाकी वर्षभर बंद. या वर्षी गेलो तर एका बाजूच्या पडवीचं छप्पर खाली आलेलं आणि देवघराच्या भिंतीला ओल. थोरल्या काकांचे मुलगे म्हणतात पाडून स्लॅबचा बंगला बांधू, पण पैसे कोणीच काढत नाही. धाकट्या काकांचा मुलगा दुबईला, तो म्हणतो विकून टाका. गावच्या शाळेवर परभणीकडचे एक सर आलेत, बायको आणि दोन लहान मुलं, ते घर भाड्याने मागतायत, दुरुस्तीला हातभार लावतो म्हणतात. भाऊ म्हणतात एकदा माणूस घुसला की घर गेलं, कूळ लागेल. मी मध्ये बोलले तर 'तुझं लग्न झालंय, तुझा काय संबंध' असं ऐकवलं. बाबा १९९८ ला गेले, मला सख्खा भाऊ नाही, मी एकटीच. आई ७६ वर्षांची आहे, रोज विचारते घराचं काय झालं. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोन दिवस नुसतं समोर ठेवून बसले होते, कारण माझं आजोळ राजापूर तालुक्यात होतं आणि ते अशाच पद्धतीने गेलं. होतं म्हणते कारण आता तिथे जोतं आहे फक्त, वर रान. आमच्याकडे पण सगळे शहाणे होते, सगळ्यांचं घरावर प्रेम होतं, कोणाला घर पडावं असं वाटत नव्हतं, आणि तरी पडलं. ते कसं पडलं ते आधी सांगते, तुमच्या पडवीचं जे झालंय ती त्याची पहिली पायरी आहे.

माकडाने एक कौल फोडलं. एकच. देवघराच्या बरोब्बर वर. आजी असती तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला शिडीवर चढवून कौल बदलून घेतलं असतं, पाच मिनिटांचं काम, मागच्या पडवीत जुनी कौलं रचूनच ठेवलेली असायची. पण आजी नव्हती, घराला कुलूप होतं, आम्ही सगळे मुंबईत. पहिल्या पावसाळ्यात त्या भोकातून पाणी येऊन कौलांखालची लाकडी पट्टी, रीप, भिजली. दुसऱ्या पावसात वासा कुजला, तो वाकला म्हणून शेजारची कौलं घसरली, भोक सुपाएवढं झालं. तिसऱ्या वर्षी पाणी सरळ मातीच्या भिंतीच्या डोक्यावर पडायला लागलं, आणि मातीच्या भिंतीचं तुम्हाला माहितीच आहे, वरून कोरडी असेल तर शंभर वर्षं उभी राहील पण डोकं भिजलं की संपलं. चौथ्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा मामाने आढ्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. वरून रंग तसाच, आतून वाळवीने सगळं पोखरलेलं, नुसता पापुद्रा उरलेला. मामा काही बोलला नाही, बोट पुसलं आणि अंगणात जाऊन बसला. त्या गणपतीनंतर मूर्ती चुलत्यांकडे गेली ती कायमची.

म्हणून म्हणते तुमच्याकडे वेळ आहे पण फार नाहीये. पडवी पडली म्हणजे मुख्य घर अजून उभं आहे ही चांगली गोष्ट, देवघराला ओल म्हणजे पाणी आता आत शिरायला लागलंय ही वाईट गोष्ट.

आता तुम्ही स्वतःच पत्रात पुढे एक ओळ लिहिली होती (मी वर छोटं करताना काढली, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली), की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थोरला चुलतभाऊ बायकापोरांसकट चार महिने तिथे राहिला आणि "त्या पावसात घर अजिबात गळलं नाही". का नाही गळलं? कारण माणूस आत होता. टप टप आवाज आला की तो उठून वर बघत होता. चूल पेटत होती, धूर वाशांना लागत होता, किडे लांब राहत होते, दारं-खिडक्या रोज उघडत होत्या, वारा खेळत होता, कोपऱ्यात वाळवीची मातीची नळी दिसली तर कोणीतरी केरसुणीने खरवडत होतं. मालवणी म्हातारी माणसं म्हणतात ना, "घरात माणूस नसला काय घर रवणा नाय", ते मनाच्या समाधानासाठी म्हटलेलं नाहीये, ती बांधकामाची माहिती आहे. शहरातला फ्लॅट दोन वर्षं बंद ठेवलात तर धूळ साचते. कोकणातलं कौलारू मातीचं घर तीन हजार मिलिमीटर पावसात दोन वर्षं बंद ठेवलंत तर ते मातीत जायला लागतं.

त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. घर कोणाचं हा एक प्रश्न आणि घरात राहणार कोण हा दुसरा प्रश्न, हे दोन वेगळे करा. तुमच्या घरात (आणि आमच्याकडेही तेच झालं) सगळे पहिल्या प्रश्नावर अडून बसलेत आणि तो सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही असं न बोलता ठरलंय. वाटणीला दहा वर्षं लागतील, लागूदेत. छप्पर दहा वर्षं थांबणार नाहीये. मास्तरांना घर द्या.

आता भावांची भीती. तिला उडवून लावू नका, ती कुठून आलीय ते समजून घ्या. आपल्याकडे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला जो कसतो त्याची जमीन झाली, आणि ते योग्यच झालं, पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यांना ती जमीन मिळायलाच हवी होती. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात एक वाक्य मागे राहिलं, "कोणाला आत घेऊ नका". ते वाक्य नातवंडांपर्यंत पोचलं, कायदा कशाबद्दल होता ते मात्र पोचलं नाही. कूळ लागतं ते शेतजमीन कसण्यावरून. राहायला भाड्याने दिलेल्या खोल्यांना कूळ लागत नाही. फक्त एक काळजी घ्या, घराच्या मागची भाताची जमीन किंवा काजूची बाग मास्तरांना कसायला देऊ नका, तो विषय पूर्ण वेगळा ठेवा आणि तसं करारात लिहा.

दुसरी भीती बारा वर्षांची. "बारा वर्षं राहिला की मालक होतो" हे तुम्ही पण ऐकलं असेल. अर्धवट खरं आहे. मालकाच्या हक्काला नाकारून, उघडपणे, मालकाच्या परवानगीशिवाय बारा वर्षं ताबा ठेवला तर तो दावा होतो. तुमच्या परवानगीने, तुमच्याशी करार करून, तुम्हाला दर महिन्याला पैसे देऊन जो राहतो त्याचा ताबा परवानगीचा असतो, तो वर्षं मोजून मालक होत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा एक निकाल आहे, गोव्यातलीच केस, बहिणीच्या घरात भाऊ राहत होता आणि घर सोडायला तयार नव्हता, तिथे कोर्टाने स्पष्ट सांगितलं की राखणदार, नोकर किंवा केअरटेकर म्हणून ठेवलेल्या माणसाला कितीही वर्षं राहिला तरी घरात हक्क मिळत नाही. हे भावांना सांगा. आणि हेही सांगा की खरा धोका बंद घराला जास्त आहे, कुलूपबंद घराच्या अंगणात कोणी दोन हात आत सरकून कुंपण घातलं तर तुम्हाला ते पुढच्या गणपतीला कळणार.

करार काय करायचा तर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक काळापुरती राहायची परवानगी, अकरा महिन्यांचा, आणि रजिस्टर केलेला. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवू नका, महाराष्ट्रात हा करार लेखी आणि रजिस्टर करणं घर देणाऱ्याची जबाबदारी आहे. ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लागतो, ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे आणि स्टॅम्प एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशोबाने, म्हणजे भाडं गावातलं असेल तर किरकोळ. भाडं रोख घेऊ नका, बँकेतच घ्या. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्या. अकरा महिने संपले की नवीन करार करा, "चालू दे तसंच" करू नका, बिघडतं ते नेहमी इथेच बिघडतं.

आणि करारात पूर्ण घर देऊच नका. आधी देवघर आणि माजघर तुमच्याकडे ठेवा, त्याला कुलूप कुटुंबाचं. मास्तरांना उभी असलेली पडवी, त्याला लागून खोली, स्वयंपाकघर, न्हाणी आणि विहिरीचं पाणी. गणेश चतुर्थीचे दिवस लिहूनच टाका, की त्या काळात कुटुंबातली माणसं येणार, ओटी आणि खळं (अंगण) वापरणार, मागच्या दारातून जा-ये होणार. मास्तर लोकांना यात काही अडचण नसते, उलट ते बहुतेक त्याच सुट्टीत गावी जातील. पण लिहिलेलं असलं की भावांच्या मनातला "आमचा गणपती कुठे बसणार" हा प्रश्न मिटतो, आणि माझा अंदाज आहे की कूळ-बीळ सगळं वरवरचं आहे, आतला खरा प्रश्न हाच आहे. गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची माटवी कुठे बांधायची. तो त्यांनी विचारला नसेल तर तुम्ही स्वतःहून काढा आणि उत्तर पण द्या.

मास्तरांबद्दल अजून एक. तुमच्याच पत्रावरून, ते रोज कुडाळहून मोटरसायकलने येतात, पावसात सुद्धा, कारण गावात राहायला जागा नाही. आणि त्याच पत्रात तुम्ही लिहिता की वाडीत तेवीस घरांपैकी चौदा बंद. हे दोन्ही एकत्र वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं हो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली पण सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर आली आणि रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर. आपण सगळे चाकरमानी झालो, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जण राहिलो आणि गावाकडे सात खोल्यांना कुलूप लावलं. आता परभणीचा माणूस आपल्या पोरांना शिकवायला येतो, त्याला आपण म्हणतो घर नाही. त्यांची दोन मुलं त्या शाळेत बसली तर पट दोनने वाढतो, आणि वीसच्या खाली पट गेलेल्या शाळेला ती दोन मुलं काय असतात ते तिथल्या अंगणवाडीताईंना विचारून बघा.

आता तुमचा स्वतःचा हक्क. "तुझं लग्न झालंय, तुझा काय संबंध" हे वाक्य ऐकून तुम्ही गप्प बसलात, मला तुमच्या जागी राग आला. पण रागाने नको, शांतपणे सांगा. घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं आणि ते मृत्युपत्र न करता १९७१ ला गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचे मुलगे, मुली आणि पत्नी सगळे सारखे वारस. म्हणजे थोरले काका, तुमचे बाबा, धाकटे काका यांच्याइतकाच तुम्ही पत्रात पुढे लिहिलेल्या दोन्ही आत्यांचाही हिस्सा. बाबा गेले तेव्हा त्यांचा हिस्सा आईला आणि तुम्हाला आला. यात लग्नाचा कुठेही संबंध नाही. भावांच्या डोक्यात जे बसलंय ते पण हवेतून आलेलं नाही, त्या कायद्यात पूर्वी एक कलम होतं की राहत्या घरात पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोपर्यंत मुलींनी वाटणी मागायची नाही, आणि लग्न झालेल्या मुलीला साधारणपणे तिथे राहायचा हक्क पण नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं. आणि घर आजोबांच्याही आधीचं, वडिलोपार्जित निघालं तरी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलगी जन्मापासून मुलासारखीच हिस्सेदार, वडील २००५ ला हयात असायलाच हवेत असं नाही. त्यामुळे तुम्ही पाहुण्या नाही आहात, सहमालक आहात, आई पण. आणि तुमच्या सावंतवाडीच्या आत्या पण, त्यांना कोणी विचारलंय का? पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. ८१ वर्षांची बाई आहे, त्याच घरात जन्मली, पहिला फोन त्यांना करा. अशा बाबतीत एका आत्याने भाच्यांना दोन शब्द सुनावले की जे काम होतं ते वकिलाच्या नोटिशीने होत नाही, मी हे अनेक घरांत बघितलंय.

कागद. ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा काढा, नमुना ८, त्यावर अजून आजोबांचंच नाव असण्याची शक्यता खूप आहे. लक्षात ठेवा हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही, पण सुरुवात इथूनच. घराखालची जागा कुठल्या सर्व्हे नंबरात आहे ते बघा, कोकणात वाड्या विखुरलेल्या म्हणून कित्येक घरं गावठाणात नसतात, शेतजमिनीच्या सातबाऱ्यात असतात. डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, नुसता बघायला फुकट. त्यावर कोणाची नावं आहेत, इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा, जुने फेरफार काढा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करा, मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागेल. २०२५ ला सरकारने मेलेल्या माणसांची नावं काढून वारसांची लावायला जिवंत सातबारा नावाची मोहीमच काढली होती, त्यामुळे तिकडे या कामाची सवय झालेली असेल. घरपट्टी थकली असेल तर भरून टाका, तुमच्या नावाने पावती घ्या. लाइटबिलाचं पण बघा, बिल थकून मीटर कायमचा बंद झाला असेल तर नवीन कनेक्शन लागेल आणि त्यात महिना जातो.

करारावर सही शक्यतो सगळ्या सहमालकांची हवी. अकरा जण एका दिवशी एका ठिकाणी येणार नाहीत हे मला माहितीये, म्हणून सगळ्यांनी मिळून एकाला मुखत्यारपत्र द्यायचं, फक्त भाड्याने देणं, दुरुस्ती करून घेणं आणि ग्रामपंचायत-वीज कामं एवढ्यापुरतं, विकायचा अधिकार त्यात अजिबात नको. हे स्पष्ट लिहिलं की सही करायला लोक घाबरत नाहीत. दुबईच्या भावाला तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून पाठवता येईल. मसुदा कुडाळच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडून करून घ्या, माझ्या लेखावर जाऊ नका, तुमचे कागद प्रत्यक्ष बघितलेला माणूस हवा.

पैशांचं. वेगळं बँक खातं काढा दोन नावांवर, एक तुम्ही आणि एक थोरल्या काकांचा मुलगा, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं. भाडं तिथेच जमा, आणि दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्यातला रुपयाही कोणी वाटून घ्यायचा नाही. हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका, खिळ्याच्या बिलापासून. मास्तर दुरुस्तीला हातभार लावतो म्हणतायत ते चांगलं आहे पण त्यांना स्वतःच्या पैशाने काम करायला लावू नका, उद्या त्यावरून गैरसमज होतो. खर्च तुमचा, फार तर काही महिने भाडं कमी घ्या आणि तसं करारात लिहा.

काम कुठून सुरू करायचं तर छपरापासून आणि फक्त छपरापासून. रंग नको, फरशी नको, किचन कट्टा नको, आधी वरून पाणी थांबलं पाहिजे. गावातला जुना सुतार घ्या, शहरातला कॉन्ट्रॅक्टर नको. त्याला प्रत्येक वासा आणि आढं टोचून बघायला सांगा, वाजवून बघायला सांगा, भरीव लाकडाचा आवाज वेगळा येतो. जे कुजलंय तेवढंच बदला, फणसाचं किंवा किंजळाचं जुनं लाकूड आतून चांगलं असेल तर त्याला हात लावू नका, तसं लाकूड आता मिळत नाही. लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावून घ्या, आपल्याकडे पूर्वीपासून लावतात आणि वाळवी त्याला लांब राहते. कौलं उतरवताना धड असलेली बाजूला रचा, वाडीत ज्यांनी पत्रे घातले असतील त्यांच्याकडे जुनी कौलं पडलेली असतात, विचारलंत तर स्वस्तात किंवा अशीच देतील. पडलेल्या पडवीचं छप्पर आत्ता नाही झालं तरी चालेल, पण तिच्या बाजूची मधली भिंत जी आता उघडी पडलीये तिला पुढच्या पावसाआधी झावळ्यांची झापं नाहीतर ताडपत्री लागलीच पाहिजे.

आणि ताई, त्या ओल आलेल्या भिंतीला कोणी सिमेंटचं प्लास्टर मारतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. मातीची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. वरून सिमेंट मारलं की ओल आतच कोंडते, दोन वर्षं भिंत छान गुळगुळीत दिसते आणि तिसऱ्या वर्षी प्लास्टर मातीसकट ढपल्यांनी खाली येतं. माती आणि चुनाच लावा, जमीन सारवायची असेल तर सारवा नाहीतर साधी लादी घाला.

संडास-बाथरूम मात्र चांगलं करा, त्यात कंजूषी नको. काकीने ज्यात दिवस काढले ते मास्तरांच्या बायकोला चालायला पाहिजे असं नाही, लहान मुलं आहेत, रात्री पावसात लांब जायला लावू नका. वायरिंग सगळं नवीन. विहीर उपसून घ्या.

स्लॅबच्या बंगल्याबद्दल विचारलंत. मला ते पटत नाही. त्या चिऱ्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्या पाडायला पैसे आणि परत उभ्या करायला पैसे. आणि कोकणातल्या स्लॅबकडे एकदा नीट बघा, कुडाळपासून तुमच्या गावापर्यंत जाताना मोजा, निम्म्या बंगल्यांवर स्लॅबच्या वर पत्र्याची शेड चढवलेली दिसेल कारण स्लॅब गळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बंगला बांधला तरी त्यात राहणार कोण? तो पण वर्षातले ३६० दिवस बंदच राहणार. कोणी होमस्टे करू म्हणालं तर त्याचंही तेच. तारकर्ली, देवबागला घरोघरी चालतं ते घरातली बाई-माणसं तिथे राहतात, मासे करतात, चादरी बदलतात म्हणून. मुंबईत बसून कुलूपबंद घराचा होमस्टे होत नाही. तुमच्या भावांपैकी कोणी रिटायर होऊन गावी जायचं म्हणत असेल तर नंतर जरूर करा, तोपर्यंत घर उभं राहूदे.

विकण्याबद्दल. दुबईच्या भावाला वाईट समजू नका, त्याला खरंच परत यायचं नसेल, तर त्याचं म्हणणं प्रामाणिक आहे. त्याला एवढंच सांगा की त्याला हिस्सा सोडायचा असेल तर बाहेरच्याला विकायच्या आधी घरातल्या वारसांना विचारायचं, कायदा पण तसा हक्क वारसांना देतो, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून हप्त्याहप्त्याने त्याचा हिस्सा घ्यायची तयारी दाखवा. एखाद्याला पैसे न घेताच सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र, पण तेही रजिस्टर केलेलंच, आणि तुम्हाला "सही करून टाक गं, फॉर्मॅलिटी आहे" असं म्हणून कोणी कागद पुढे केला तर घरी नेऊन वाचल्याशिवाय सही नाही. आईची तर अजिबात नाही. माहेरच्या प्रेमापोटी बायका अशा सह्या करतात आणि मग स्वतःच्याच घरात पाहुणी म्हणून जातात.

आता वेळेचं बघा. भातकापणी झाली की गडी मोकळे होतात, डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने कामाचे. मार्चपासून काजू आणि मग आंबा, तेव्हा शाकारणीला माणूस मिळता मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी दुप्पट. म्हणजे दिवाळीत सगळे भेटाल तेव्हा विषय काढा, सगळ्यांना घेऊन बसा आणि घर कोणाचं हा शब्दच काढू नका, फक्त एवढंच विचारा की मास्तरांना एक वर्ष राहायला द्यायचं का, अकरा महिन्यांनी परत बसून ठरवू. एका वर्षाला नाही म्हणणं अवघड असतं. आत्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या.

आईला डिसेंबरात बरोबर न्या, जमत असेल तर. शिडीवर चढायचं नाहीये त्यांना, खळ्यात खुर्ची टाकून बसल्या तरी चालेल. कुठल्या वाशाखाली पूर्वीपासून गळायचं, न्हाणीचं पाणी कुठून जायचं, जुनी कौलं कुठे ठेवलीयत, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं हे फक्त त्यांनाच माहिती असणार, सुताराला त्यांच्याशी बोलूदे आणि तुम्ही वहीत लिहून घ्या.

मास्तरांना आजच फोन करा, त्यांनी अजून दुसरीकडे खोली बघितली नसेल तर सांगा की थोडं थांबा, आम्ही दिवाळीत ठरवतोय. आणि एक उपकार करा म्हणावं, शाळा सुटल्यावर जाताना जरा देवघराच्या वरचं छप्पर बाहेरून बघून फोटो पाठवा. फोटोत कौलांची ओळ मधेच खाली दबलेली दिसली तर दिवाळीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात कोणाला तरी वर चढवून ताडपत्री बांधून घ्या, पैसे तुम्ही घाला, नंतर हिशोबात धरा.